कथेचे चिलखत कोणाला?

चित्रकथांच्या तरुण वाचकांनी गेल्या काही वर्षांत एक शब्द रूढ केला आहे : 'प्लॉट आर्मर'. आपण त्याला कथेचे चिलखत म्हणू. नायकावर कडा कोसळतो, छातीतून तलवार आरपार जाते, शंभर शत्रू त्याला वेढतात, आणि तरी पुढच्या प्रकरणात तो उभाच असतो. शेजारचा माणूस त्याहून हलक्या घावाने मरतो. कारण एवढेच, की एक लेखकाला पुढे हवा आहे आणि दुसरा नको आहे. जपानी मंगा वाचणाऱ्यांत हा शब्द तक्रारीचा आहे. 'ह्याला चिलखत आहे' असे म्हटले की लेखकाने लबाडी केली असे समजायचे.

आपल्या वसतिगृहांतल्या मुलामुलींच्या मोबाइलवर ह्या चित्रकथा आणि त्यांच्यावरून काढलेली चलच्चित्रे आता सर्रास दिसतात. रात्र रात्र वाद चालतात. अमुक प्रकरणात जखम डाव्या हाताला होती, ती उजव्या हाताला कशी गेली? जो दहा वर्षांपूर्वी मेला, तो आज कसा बोलतो? चळवळीतल्या ज्येष्ठ मंडळींना हे वाद पोरकट वाटतात आणि प्राध्यापक समीक्षकांना तर मंगा हे वाङ्मयच वाटत नाही. (चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी त्यांना काय काय वाङ्मय वाटत नव्हते, याची यादी ह्या पत्रिकेच्या वाचकांना पाठ असेल.) मला हे वाद पोरकट वाटत नाहीत. कथा सांगणाऱ्याला अडवून 'हे कसे?' असे विचारणे ही साधी गोष्ट नाही. आपल्याला शतकानुशतके ज्या कथा ऐकवल्या गेल्या, त्या अशा प्रश्नावाचून ऐकायच्या असाच दंडक होता.

बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नेमका असाच प्रश्न विचारला आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंपरा सांगते, की म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता, आजारी पाहिला नव्हता, हे पटण्यासारखे आहे काय? कथेतली ही गोंधळाची जागा त्यांनी श्रद्धेने बुजवली नाही. ती उकरली, आणि तिच्या तळाशी त्यांना रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा सापडला. जो प्रश्न वाचकाला किरकोळ वाटतो त्याच्या पोटात असे काही असू शकते. म्हणून मंगावाचकांच्या प्रश्नांची टिंगल करण्यापूर्वी ते प्रश्न कुठवर जातात आणि कुठे थांबतात, हे पाहिले पाहिजे.

ते थांबतात, हीच माझी तक्रार आहे. 'हा वाचला कसा?' असे हे वाचक विचारतात. 'तो मेला कसा, आणि इतक्या स्वस्तात का मेला?' असे क्वचितच विचारतात.

'नारुतो' घ्या. मासाशी किशिमोतो यांची ही मंगा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे 'शोनेन जंप' ह्या साप्ताहिकात चालली. सातशे प्रकरणे झाली. जगभरची मुले तिच्यावर वाढली, त्यांत आपलीही आली. नारुतो हा गावाने वाळीत टाकलेला अनाथ पोरगा. त्याच्या पोटात एक राक्षसी कोल्हा कोंडलेला आहे, म्हणून आया आपल्या मुलांना त्याच्यापासून दूर ओढतात. झोक्यावर एकटाच बसलेला हा मुलगा पाहून आपल्या मुलांच्या मनात काय हलले असेल, ते वेगळे सांगायला नको. पाणवठ्यावरून आणि देवळाच्या पायरीवरून हुसकलेल्यांच्या घरातच ती जन्मली आहेत.

ह्याच कथेत नेजी नावाचा मुलगा आहे. त्याच्या ह्यूगा घराण्यात दोन शाखा : थोरली पाती आणि धाकटी पाती. धाकट्या पातीत जन्मलेल्या प्रत्येकाच्या कपाळावर एक मुद्रा उमटवली जाते. थोरल्या पातीच्या माणसाने मनात आणले, की त्या मुद्रेतून असह्य वेदना देता येतात. नेजीचे वडील आणि थोरल्या पातीचे प्रमुख हे जुळे भाऊ होते. एक आधी जन्मला, एक नंतर. तेवढ्यावरून एक मालक झाला आणि दुसरा राखणदार. पुढे परक्या राज्याने प्रमुखाचे प्रेत मागितले तेव्हा त्याच्या जागी धाकट्याचे प्रेत देण्यात आले. हे सारे पाहिलेला नेजी म्हणतो, की माणसाचे नशीब जन्मानेच ठरते. नारुतो त्याला आखाड्यात हरवतो आणि शब्द देतो, की मी गावाचा प्रमुख झालो की ही रीत मोडीन.

इथपर्यंत कथा आपली आहे. पुढे काय होते? ज्या नारुतोने 'जन्माने काही ठरत नाही' म्हटले, तो गावाच्या चौथ्या प्रमुखाचा मुलगा निघतो. आई नामांकित कुळातली निघते. मग तो एका आदिपुरुषाच्या पुत्राचा पुनर्जन्म असल्याचेही कळते. आणि नेजी? २०१२ साली छापलेल्या प्रकरणात, महायुद्धाच्या धामधुमीत, थोरल्या पातीची मुलगी नारुतोला वाचवायला आडवी येते आणि नेजी त्या दोघांसाठी आडवा येतो. शत्रूने फेकलेले अणकुचीदार खुंट त्याच्या देहात घुसतात. तो मरतो तेव्हा त्याच्या कपाळावरची मुद्रा विरून जाते. गुलामाची सुटका कधी, तर तो मेल्यावर.

ह्या मरणावर वाचकांनी पुष्कळ राग काढला आहे. इतका कुशल लढवय्या असा कसा मरतो, नारुतो एवढे मार खाऊन जिवंत कसा राहतो, असे त्यांचे आक्षेप आहेत. आक्षेप खरे आहेत, पण अर्धे आहेत. नेजी मेला हे लेखकाच्या विसरभोळेपणामुळे नव्हे. कथेला आता तो प्रश्न नको होता. जो पोरगा जन्मजात विषमतेविषयी विचारत होता, तोच विषमतेच्या लाभार्थ्यांसाठी छाती पुढे करून मरतो आणि त्याच्या प्रश्नाला हुतात्म्याचे फूल वाहिले जाते. कपाळावर मुद्रा उमटवण्याची ती रीत मोडल्याचे मंगाच्या शेवटापर्यंत स्पष्ट दाखवलेले नाही. पापण्यांची संख्या मोजणाऱ्या वाचकांनी ही गोष्ट 'लेखक विसरला' ह्या सदरात टाकावी, याचे मला आश्चर्य वाटते. अशी विसरभूल होते तेव्हा ती नेमकी कोणाच्या बाबतीत होते, हे पाहायला नको का?

चिलखत जन्माने मिळते ही कल्पना आपल्याला परकी नाही. कर्णाचे कवच जन्मजात होते. पण ते सूतपुत्राचे कवच नव्हते, सूर्यपुत्राचे होते. कर्णाचे दुःख आपल्या कवींना आणि नाटककारांना वर्षानुवर्षे पुरले, कारण तो मुळात क्षत्रिय होता आणि चुकीच्या घरात वाढला होता. एकलव्याला कथेने अंगठ्याएवढेही चिलखत दिले नाही. तो खरोखरच ज्या घरात जन्मला त्याच घरातला होता ना! नारुतोची आणि कर्णाची जात एकच : वाळीत टाकलेला, पण आतून खानदानी. अशा नायकावर वाचकाला रडता येते आणि व्यवस्थेला धक्काही लागत नाही.

हे एकट्या किशिमोतोंचे पाप नाही. 'शोनेन जंप' हे १९६८ साली निघालेले नियतकालिक. त्याच्या अंकासोबत वाचकांसाठी पत्र असते. कोणत्या कथा आवडल्या ते त्यावर कळवायचे. तळाशी गेलेली कथा संपादक गुंडाळतात, वर असलेली चालत राहते. मग नायक मरणार कसा? त्याच्या अंगावर लाखो पोस्टकार्डांचे चिलखत असते. वाचक एका हाताने चिलखत चढवतो आणि दुसऱ्या हाताने त्याविरुद्ध तक्रार लिहितो.

पण वाचक नेहमी एवढ्यावर राहिलेला नाही. 'आशिता नो जो' म्हणजे 'उद्याचा जो', ही मुष्टियोद्ध्याची मंगा १९६८ ते १९७३ ह्या काळात चालली. आसाओ ताकामोरी ह्या नावाने इक्की काजिवारा लिहीत, तेत्सुया चिबा चित्रे काढीत. जो हा टोकिओच्या सान्या वस्तीतला अनाथ. सान्या म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्या मजुरांच्या खोल्यांची वस्ती. पूर्वी वधस्थळाकडे नेले जाणारे कैदी ज्या पुलावरून जात त्याचे नाव 'अश्रूंचा पूल', आणि जोचा आखाडा त्याच पुलाखाली. त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. चिबांनी तो सुरुवातीला जोपेक्षा फारच थोराड काढला होता. मग दोघे एकाच वजनगटात कसे लढणार? चित्रातली ही विसंगती सावरण्यासाठी रिकिइशीला उपाशी ठेवून, पाण्याचा थेंबही न देता वजन उतरवायला लावले गेले, आणि त्या हालांनंतर लढत संपताच त्याचा अंत झाला. तपशिलातली चूक कधीकधी पात्राच्या जिवावर बेतते, ती अशी. २४ मार्च १९७० रोजी वाचकांनी रिकिइशीचा अंत्यविधी केला. नाटककार शुजी तेरायामा यांच्या पुढाकाराने प्रकाशकाच्या इमारतीत सुमारे सातशे लोक जमले. कागदावरच्या माणसासाठी भिक्षू, धूप, फुले सारे होते. आणि आठवडाभराने, ३१ मार्चला, विमान पळवणाऱ्या डाव्या तरुणांनी जाहीर केले की आम्हीच 'उद्याचा जो' आहोत. त्यांचा मार्ग मला मान्य नाही. पण ज्या पिढीने मंगातले मरण इतके मनावर घेतले, तिला पोरकट म्हणण्याची माझी छाती नाही.

ओसामु तेझुका यांची 'बुद्ध' ही मंगा १९७२ ते १९८३ अशी चालली. इंग्रजीत तिचे आठ खंड आहेत, भारतातही ते मिळतात. आपल्या लोकांच्या घरी बुद्धावरचे पुस्तक म्हणून ते आणले जातात, म्हणून दोन शब्द. सिद्धार्थाच्या जन्माआधीच तेझुका दोन काल्पनिक मुलांना पुढे आणतात. चाप्रा हा गुलाम, तो कोसलाच्या सेनापतीचा जीव वाचवून त्याचा मानलेला मुलगा होतो आणि जन्म लपवून चढत जातो. जन्म उघड होतो तेव्हा तो आणि त्याची आई दोघेही मारले जातात. ताता हा अस्पृश्य, तो खूप मोठा होईपर्यंत कथेत टिकतो आणि शेवटी कोसलाच्या सैन्याशी लढताना पडतो. तेझुकांची सहानुभूती खरी आहे. पण अस्पृश्य मुलाला त्यांनी जी अद्भुत शक्ती दिली ती कोणती? जनावरांच्या देहात शिरण्याची. राजपुत्राला ध्यान, अस्पृश्याला जनावर! शिवाय त्याला दिलेले 'पारिया' हे नाव दक्षिणेतल्या परैयर ह्या जातिनामावरून युरोपी भाषांनी उचललेले. ते बुद्धाच्या काळात कसे पोचले? बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' ह्या १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या सुमाराचा ठरवला आहे. त्या हिशेबाने तेझुकांचा अस्पृश्य सुमारे नऊशे वर्षे आधीच जन्मला. परदेशी वाचक विचारतात, की मगर इतकी मोठी असते काय? हा प्रश्न मात्र आपणच विचारायला हवा, कारण अस्पृश्यता बुद्धाइतकीच जुनी दाखवली, की ती सृष्टिक्रमाचा भाग वाटू लागते.

आता चिलखताच्या मूळ अर्थाकडे येतो. जपानी योद्ध्याचे चिलखत नुसते लोखंडाचे नसे. लोखंडाच्या पट्ट्यांबरोबर कातड्याच्या पट्ट्या असत, बांधायला कातडी वाद्या असत. खोगीर आणि घोड्याचा साज कातड्याचा असे. हे कातडे कमवीत होते कोण? मेलेले बैल आणि घोडे ओढणारे 'कावाता'. सोळाव्या शतकात सरदार लोक एकमेकांशी लढत होते तेव्हा त्यांनी ह्या कारागिरांना आपापल्या मुलखात बांधून घेतले आणि कातडे पुरवणे हे त्यांच्यावर बंधन म्हणून लादले. पुढे तोकुगावा राजवटीत हेच लोक 'एता' ठरले. लिपीत त्याचा अर्थ 'पुष्कळ घाण' असा होतो. दुसरा गट 'हिनिन', म्हणजे 'माणूस नसलेला' : भिक्षा मागणारे, तुरुंगाची आणि वधस्थळाची कामे करणारे. ज्याने चिलखत शिवले त्याला ते घालण्याचा अधिकार नव्हता. आपल्याकडच्या ढोर-चांभारांना ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पखालही त्यांच्या हातची आणि नगाऱ्याचे चामडेही त्यांच्या हातचे.

१८७१ साली सरकारने ही नावे कायद्याने रद्द केली. दुसऱ्याच वर्षी कुटुंबनोंदणी झाली आणि पुष्कळ ठिकाणी ह्या लोकांपुढे 'नवे सामान्यजन' अशी खूण राहिली. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापली. महाडच्या पाच वर्षे आधी. नोंदणीची ती जुनी वही १९६८ पर्यंत बाहेरच्या माणसाला पाहता येत असे. लग्न ठरवताना लोक ती पाहत. १९७५ साली ह्या वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्या विकत घेत असल्याचे उघड झाले, म्हणजे नोकरीला आलेल्या मुलाचा पत्ता त्यात शोधता येई.

ती वही उघडी होती त्याच काळात, १९६४ च्या अखेरीस, सान्पेइ शिरातो यांची 'कामुइ देन' सुरू झाली. शिरातोंचे वडील श्रमिकांच्या कलाचळवळीतले चित्रकार. शिरातो स्वतः रस्त्यावर चित्रे दाखवून गोष्टी सांगणाऱ्यांसाठी चित्रे काढीत, मग भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांसाठी. कात्सुइची नागाइ यांनी 'गारो' हे मासिक काढले ते मुख्यतः ह्या कथेला जागा मिळावी म्हणून. १९७१ पर्यंत ती तिथे चालली. विद्यापीठांत आंदोलने करणाऱ्या मुलांनी ती वाचली आणि तिच्यावरून वाद घातले.

सतराव्या शतकातले एक काल्पनिक संस्थान. तीन मुले. कामुइ हिनिन वस्तीतला. शोसुके हा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या वेठबिगार कुळाचा मुलगा. र्यूनोशिन सामुराई, ज्याचे घराणे पुढे राजकारणात नष्ट होते. कामुइ जातीतून सुटण्यासाठी निंजा होतो, म्हणजे गुप्त मारेकरी, आणि मग त्या टोळीतूनही पळतो. शोसुके वाचायला शिकतो, शेतीत नव्या गोष्टी आणतो, शेतकरी आणि हिनिन यांना एकत्र आणू पाहतो. कामुइची बहीण नाना (आपल्याकडच्या नावावरून फसू नये, ही मुलगी आहे) त्याच्यावर प्रेम करते. सत्ताधारी काय करतात? शेतकऱ्यांचे बंड मोडायला हिनिनांना पाठवतात, पकडलेल्या शेतकऱ्याचा वध हिनिनाकडून करवून घेतात. शेतकऱ्याला डोळ्यांसमोर संस्थानिक दिसत नाही, हिनिन दिसतो. गावकीच्या कामांतून महाराला गावाच्या रोषापुढे कसे उभे केले जाई, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ही पाने सावकाश वाचावीत.

आणि आता ती गोंधळाची जागा. कथा रंगात आलेली असताना कामुइ पकडला जातो. त्याचे शीर धडावेगळे केले जाते. ज्याच्या नावाची कथा, तोच मेला. चिलखताचा पत्ता नाही. मग काही काळाने कामुइ पुन्हा दिसतो. तोच चेहरा, तेच डोळे. वाचक मागची पाने चाळतो. पुढे उलगडते, की तो जुळा भाऊ होता. चित्रकथांच्या सरधोपट हिशेबात ही लबाडी ठरेल. मला ती शिरातोंची सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. ह्यूगा घराण्यातले जुळे आठवा. तिथे धाकटा मेला म्हणून थोरला जगला. इथे एक मेला आणि दुसऱ्याने कोणाचाही जीव न घेता त्याचे नाव उचलले. ज्यांना नोंदवहीत माणूस म्हणून जागा नाही, त्यांच्यातला कोण मेला आणि कोण राहिला हे धन्याला सांगता येत नाही. धन्याच्या ह्या तुच्छतेतूनच कामुइ निसटतो. शिरातोंनी त्याला दिलेले संरक्षण एवढेच, आणि ते एका मुंडक्याच्या किमतीत आले आहे.

ह्या मंगात माणसे भराभर मरतात. दुष्काळात, छळात, जंगलात. एका पांढऱ्या लांडग्याची कथा माणसांच्या कथेला समांतर जाते. रंग वेगळा म्हणून तो कळपाबाहेर. लांडगा मरतो कसा हे ज्या थंडपणाने शिरातो रेखाटतात त्याच थंडपणाने माणूस मरतो कसा हेही. कुणाच्या मरणावर वेगळा झोत नाही. सवयीचा वाचक इथे अस्वस्थ होतो, कारण आपण कोणाला धरून राहायचे हे त्याला कळत नाही.

शिरातोंचे दोष झाकण्याचे कारण नाही. मेलेली जनावरे ओढणे, कातडे सोलणे ही कामे त्यांनी हिनिनांना दिली आहेत. ती प्रत्यक्षात एता म्हटल्या गेलेल्यांची कामे. दोन समाज एका नावाखाली घातले गेले. होसेइ विद्यापीठात ह्याच मंगाच्या आधारे इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिका युको तानाका यांनी २००८ साली तिच्यावर सबंध पुस्तक लिहिले आहे. म्हणजे तपशिलांची अशी तपासणी तिथेही गंभीरपणे होते. दुसरा दोष आपल्या ओळखीचा. शिरातो जातीला वर्गाच्या पोटात घालतात. शेतकरी आणि हिनिन एक झाले की प्रश्न सुटला, असा कथेचा कल आहे. शेतकऱ्याच्या मनातला विटाळ कोणत्या बंडाने जाणार? आपल्या डाव्या मित्रांशी आपण हाच वाद किती वर्षे घालत आलो आहोत! तिसरी गोष्ट बाजाराची. १९६५ पासून शिरातोंनी एका मोठ्या साप्ताहिकात कामुइच्या स्वतंत्र साहसकथा दिल्या. तिथे पळणारा कामुइ प्रत्येक लढत जिंकतो. मोठ्या साप्ताहिकात गेल्याबरोबर त्याच्याही अंगावर चिलखत चढले.

पण पहिल्या भागाचा शेवट ह्या सगळ्या दोषांच्या पलीकडे जातो. उठाव होतो. म्होरके पकडले जातात, त्यांचे हाल करून त्यांना मारले जाते. एकट्या शोसुकेला जिवंत सोडतात. फक्त त्याची जीभ कापलेली असते. तो गावात परततो. बाकीचे मेले, हा कसा वाचला? लोक विचारतात. त्याला सांगता येत नाही. आणि ज्यांच्यासाठी तो लढला तीच माणसे त्याला फितूर समजून त्याच्यावर तुटून पडतात.

'हा कसा वाचला?' वसतिगृहातली मुले हसत विचारतात तोच हा प्रश्न. इथे तो प्रश्न धन्याने तयार करून दिला आहे. शोसुकेला मारले असते तर तो हुतात्मा झाला असता. त्याला चिलखत घालून परत पाठवले आणि ते चिलखतच त्याचा दोष ठरले. तुरुंगातून सुटून आलेल्या कार्यकर्त्याविषयी, निवडणुकीत निवडून आलेल्याविषयी, शिष्यवृत्ती मिळून परदेशी गेलेल्याविषयी आपल्या वस्त्यांत आणि बैठकांत जी कुजबुज चालते, तिचा आवाज मला ह्या पानांवर ऐकू येतो. काही कुजबुजी खऱ्याही असतात. म्हणूनच तर हे हत्यार चालते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि दोन-तीन वर्षांत फुटली. त्या फुटीची वैचारिक कारणे पुष्कळांनी लिहिली आहेत. कोण विकला गेला आणि कोण कसा वाचला, ह्या प्रश्नाने त्यात काय केले, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांशी बोलल्यावर कळते.

आपल्या आत्मकथनांनाही हा प्रश्न विचारला गेला. 'बलुतं' १९७८ चे, 'उपरा' १९८० चे, 'अक्करमाशी' १९८४ चे. एवढे भोगून हा माणूस लिहिण्याइतका शाबूत कसा राहिला, म्हणजे त्याने वाढवून सांगितले असणार, असा पांढरपेशा वाचकाचा सूर होता. आत्मकथन लिहिणारा शेवटच्या पानापर्यंत जिवंत असणारच. जो राहिला नाही त्याचे पुस्तक निघाले नाही, एवढाच त्या चिलखताचा अर्थ. केइजी नाकाझावा ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात शाळेच्या दारात उभे होते, वय सहा वर्षे. मध्ये शाळेची भिंत आली म्हणून ते भाजले नाहीत. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. पुढे त्यांनी 'हादाशी नो गेन' म्हणजे 'अनवाणी गेन' ही मंगा काढली. १९७३ साली ती सुरू झाली तीही 'शोनेन जंप'मध्येच. तिच्यातल्या गेनला वाचवते ती हीच भिंत. ती लेखकाने कल्पनेने उभी केलेली नाही. आणि ह्याच मंगात शेजारचे कोरियन गृहस्थ पाक आपल्या जळालेल्या वडिलांना घेऊन उपचारासाठी जातात तेव्हा कोरियन म्हणून त्यांना परत लावले जाते. बॉम्बने भेद केला नव्हता, तो औषधाच्या रांगेत झाला.

शिरातोंनी 'कामुइ देन' तीन भागांत योजली होती. दुसरा भाग १९८८ मध्ये सुरू होऊन २००० पर्यंत चालला. तिसरा आला नाही. शिरातो ऑक्टोबर २०२१ मध्ये वारले. कामुइ हा शब्द जपानी नाही, उत्तरेकडच्या ऐनू लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ देव किंवा दैवी शक्ती असा आहे. एका हिनिन मुलाला हे नाव का दिले, आणि पळता पळता तो शेवटी कुठे पोचणार होता, यावर वाचक अजून वाद घालतात. कागदावर तो मेलेला नाही आणि सुटलेलाही नाही.